दोरीची लांबी आणि पतंगाची ओढ
काइटसर्फिंगमधील एका दुर्लक्षित घटकाविषयी

हातातील पतंगाच्या ओढीवर, पायाखालील फळीवरून पाणी कापत जाण्याचा खेळ म्हणजे काइटसर्फिंग. या खेळात पतंग किती चौरस मीटरचा घ्यावा याची चर्चा अगदी नवखे खेळाडूही हिरिरीने करतात. पतंग आणि खेळाडू यांना जोडणाऱ्या दोऱ्या किती लांब असाव्यात, हा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही. बारबरोबर ज्या दोऱ्या आल्या त्याच जोडायच्या आणि पाण्यात उतरायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. वस्तुतः पतंग, वारा आणि खेळाडू तेच ठेवून दोऱ्या चार-पाच मीटरांनी कमी-अधिक केल्या, तरी पतंगाचा स्वभाव बदललेला जाणवतो. ‘लांब दोरी म्हणजे अधिक ताकद, आखूड दोरी म्हणजे अधिक चपळाई’ हे सूत्र किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे आणि त्याच्या भरवशावर घेतलेले निर्णय प्रसंगी अंगाशी येतात.

प्रचलित पद्धतीत पतंगाला चार दोऱ्या असतात. पुढच्या दोन दोऱ्या खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेल्या असतात आणि ओढीचा बहुतेक भार त्याच वाहतात. मागच्या दोन दोऱ्या हातातील आडव्या दांड्याच्या, म्हणजे बारच्या, दोन टोकांना बांधलेल्या असतात. बारचे एक टोक ओढले की पतंग त्या बाजूला वळतो. संपूर्ण बार जवळ घेतला की ओढ वाढते, दूर सोडला की कमी होते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक बारवर २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्या असतात. शिकाऊ वर्गात ८ ते १५ मीटरच्या दोऱ्या वापरतात, तर मंद वाऱ्यासाठी कोणी २७ मीटरपर्यंतही जातात.

पाव घुमटाचा प्रदेश

दोरी ताणलेली असताना पतंग खेळाडूपासून नेहमी तितक्याच अंतरावर राहतो. म्हणजेच तो एका गोलाच्या पृष्ठभागावर फिरत असतो आणि दोरीची लांबी ही त्या गोलाची त्रिज्या असते. खेळाडू वाऱ्याकडे पाठ करून उभा आहे अशी कल्पना केल्यास त्याच्यासमोर पाव गोलाचा एक अदृश्य घुमट उभा राहतो. या प्रदेशाला या खेळात ‘विंड विंडो’ म्हणतात. आपण त्याला घुमट म्हणू. डोक्यावरचा बिंदू म्हणजे घुमटाचा कळस. डावी-उजवीकडची टोके आणि कळसावरून त्यांना जोडणारी कमान म्हणजे घुमटाची कड. समोर, वाऱ्याच्या दिशेला पडणारा खोल भाग म्हणजे त्याचा गाभा. कडेला पतंग जवळजवळ स्थिर राहतो आणि हलकेच ओढतो. गाभ्यातून जाताना तोच पतंग माणसाला फरफटत नेऊ शकतो.

दोरी लांब केली की हा घुमट मोठा होतो, आखूड केली की लहान होतो. दोरीच्या लांबीचे जे काही परिणाम आहेत, त्यांतील बहुतेक सर्व या एका गोष्टीतून निघतात. २४ मीटरच्या दोरीवर घुमटाच्या एका कडेपासून गाभ्यातून दुसऱ्या कडेपर्यंतचा कमानीचा मार्ग सुमारे ७५ मीटर भरतो. १२ मीटरच्या दोरीवर तो ३८ मीटरांच्या आत येतो. पतंग तोच, त्याचा हवेतील वेगही साधारण तोच. त्याला धावायला मिळणारे अंगण मात्र निम्मे झाले.

ताकद कोठून येते?

पतंगाची ओढ त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा वेग म्हणजे केवळ वाऱ्याचा वेग नव्हे. पतंग स्वतः धावू लागला की त्याच्या दृष्टीने वारा वाढतो. याला सापेक्ष वारा म्हणता येईल. सापेक्ष वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. वाऱ्याला आडवा धावणारा पतंग प्रत्यक्ष वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने जाऊ शकतो आणि त्यामुळे स्थिर पतंगाच्या कित्येक पट ओढ देऊ शकतो, याचे गणित माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली एका शोधनिबंधात मांडले. त्याचा हेतू खेळाचा नव्हता. पतंगापासून वीज निर्माण करता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. परंतु काइटसर्फिंगमधील ताकदीचा उगम त्याच गणितात आहे.

आता दोरीकडे येऊ. पतंग कळसावर किंवा कडेला स्थिर उभा असेल, तर २४ मीटरच्या आणि १२ मीटरच्या दोरीवर त्याची ओढ जवळपास सारखीच असते. दोरी लांब केल्याने पतंगाचे क्षेत्रफळ वाढत नाही. फरक पडतो तो पतंग हलविल्यावर. पतंग सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे असे उदाहरणादाखल धरू. कळसापासून खालच्या कडेपर्यंतचा पाव वर्तुळाचा मार्ग २४ मीटरच्या दोरीवर सुमारे अडीच सेकंदांचा होतो, १२ मीटरच्या दोरीवर सव्वा सेकंदाचा. त्यातही पहिले काही मीटर पतंगाला वळण्यातच खर्च करावे लागतात, कारण पतंगाच्या वळणाचा घेर दोरीबरोबर आखूड होत नाही. लहान घुमटात वळण पुरे होऊन पतंग सरळ धावू लागतो न लागतो तोच कड जवळ येते. मोठ्या घुमटात त्याला वेग धरायला आणि तो टिकवायला अवकाश मिळतो.

म्हणून खेळाडू ज्याला ‘ताकद वाढली’ असे म्हणतो ती बहुतेक वेळा बलाची वाढ नसून आवेगाची, म्हणजे बल आणि काल यांच्या गुणाकाराची, वाढ असते. बसलेल्या माणसाला पाण्यातून उचलून फळीवर उभे करायचे तर क्षणभराचा हिसका उपयोगी पडत नाही. दीड-दोन सेकंद टिकणारी ओढ लागते. मंद वाऱ्यात लांब दोरीचा खरा फायदा हाच आहे.

उंचावरच्या वाऱ्याचे काय?

लांब दोरीच्या समर्थनार्थ सर्वात अधिक सांगितले जाणारे कारण म्हणजे उंचावर वारा जोरदार असतो. हे खरे आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणामुळे खालचा वारा मंदावतो. परंतु किती? उंचीच्या सुमारे ०.११ व्या घाताच्या प्रमाणात वाऱ्याचा वेग वाढतो, हा खुल्या समुद्रावरील वाऱ्यासाठी वापरला जाणारा एक स्थूल नियम आहे. त्यानुसार पतंगाची उंची दुप्पट केली तर वारा सुमारे ८ टक्क्यांनी आणि ओढ सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. २० मीटरच्या दोऱ्या २४ मीटर केल्या तर वारा जेमतेम २ टक्क्यांनी वाढतो, ओढ ४ टक्क्यांनी. ही वाढ नाकारण्याजोगी नाही, पण चार मीटरचे तुकडे जोडल्यावर जो ठळक फरक जाणवतो त्याचे श्रेय तिला देता येणार नाही. ते श्रेय मुख्यतः मोठ्या झालेल्या अंगणाचे आहे.

केवळ उंचावरच्या वाऱ्यासाठी दोरी लांब करायची तर ती शेकडो मीटर लांब करावी लागते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. त्यांच्या ‘शारव्होलां’ नामक या गाडीचे पतंग १,५०० ते १,८०० फूट लांब दोरावर उडत. (रस्त्यावरील जकात घोड्यांच्या संख्येवर असल्याने या बिनघोड्याच्या गाडीला ती माफ होती, असे सांगतात.) २००८ साली ‘बेलुगा स्कायसेल्स’ या मालवाहू जहाजाने प्रचंड पतंगाच्या साहाय्याने अटलांटिक सफर केली, तोही पतंग पाण्याच्या पातळीपासून पुष्कळ उंच उडत असे. काइटसर्फिंगच्या वीस-पंचवीस मीटरांच्या दोऱ्या या मापात बसतच नाहीत. त्यांचे काम उंची गाठण्याचे नसून पतंगाला धावायला जागा देण्याचे आहे.

चपळाईविषयी एक गैरसमज

आखूड दोरीवर पतंग अधिक वेगाने उडतो, असा समज आढळतो. तसे नसते. पतंगाचा हवेतील वेग वारा आणि पतंगाची घडण यांवर ठरतो. आखूड दोरीवर तेवढेच मीटर जाताना तो घुमटाचा अधिक मोठा भाग पार करतो, म्हणून खेळाडूच्या नजरेला तो चपळ दिसतो. मैदानात धावणारे मूल आणि तितक्याच वेगाने खोलीत धावणारे मूल यांपैकी दुसरे भिंतीशी लवकर पोहोचते, इतकाच हा प्रकार आहे.

तरीही आखूड दोरीचा एक फायदा खरोखरचा आहे आणि तो हाताला लगेच कळतो. लांब दोरी कितीही ताणली तरी वाऱ्याच्या दाबाने तिला थोडा बाक येतो. शिवाय प्रत्येक दोरी भाराखाली किंचित लांबते. बारला दिलेला हिसका प्रथम हा बाक आणि ताण भरून काढण्यात जातो, मग पतंगापर्यंत पोहोचतो. येवल्याला संक्रांतीत आसारी फिरवणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही: भरपूर ढील दिलेला पतंग हिसक्याला उशिराच उत्तर देतो. दोऱ्यांना हवेचा अवरोधही होतो. पतंगाकडील टोक सर्वाधिक वेगाने फिरते आणि हाताकडील टोक जवळपास स्थिर असते. त्यामुळे गणिताने दोरीच्या सुमारे पाव भागाचाच अवरोध पतंगाच्या खाती जमा होतो. फुगवलेल्या नळ्यांच्या जाड पतंगाला हा भार नगण्य वाटतो. शर्यतीच्या सडपातळ, नळ्याविरहित पतंगांना मात्र तो जाणवतो.

खेळानुसार पसंती

काइटसर्फिंगच्या आरंभकाळात, म्हणजे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, २७ ते ३० मीटरच्या दोऱ्या रूढ होत्या. ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ साली पेटंट घेतलेल्या फुगवता येण्याजोग्या पतंगाच्या त्या पहिल्या आवृत्त्या संथ होत्या आणि मंद वाऱ्यात त्यांच्याकडून काम करून घ्यायला मोठा घुमट लागे. पुढे पतंगांची रचना सुधारली, विशेषतः २००५ च्या सुमारास आलेल्या ‘बो’ पद्धतीच्या पतंगांनी बार सोडताच ओढ जवळजवळ नाहीशी करण्याची सोय दिली. वळण्याची चपळाई वाढली तशी दोऱ्यांची लांबी उतरत गेली.

लाटांवर खेळणारे १८ ते २१ मीटरच्या दोऱ्या पसंत करतात. लाटेवर असताना ओढ लाटेची असते. पतंगाने फक्त दिशा बदलताच चटकन दुसऱ्या बाजूला यावे, एवढीच अपेक्षा असते. उंच उड्या मारणाऱ्यांचे गणित वेगळे. उडी म्हणजे पतंगाला झपाट्याने कळसाकडे आणून त्याच्या आवेगावर स्वतःला वर फेकणे. लांब दोरीवर हा आवेग अधिक काळ टिकतो आणि हवेतला झुलाही संथ होतो. उंच फांदीला बांधलेला झोका जसा सावकाश येतो-जातो, तसा. केपटाऊनजवळच्या ब्लाउबर्ग किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाहणाऱ्या जोरदार आग्नेय वाऱ्यात अव्वल खेळाडूंनी ३० मीटरांहून अधिक उंचीच्या उड्या नोंदविल्या आहेत. म्हणजे उडीच्या माथ्यावर खेळाडू पाण्यापासून दोरीच्या लांबीहूनही अधिक उंच असतो! परंतु हेच खेळाडू हवेत असताना पतंगाला पूर्ण गिरकी देतात तेव्हा तो लवकर डोक्यावर परत यावा हीही गरज असते आणि तेथे फार लांब दोरी वैरीण ठरते. त्यामुळे त्यांची निवड २० ते २४ मीटरांच्या मधेच कोठेतरी घुटमळते.

शर्यतीत पाण्याखाली पंख असलेली फळी, म्हणजे हायड्रोफॉइल, वापरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. मार्सेच्या समुद्रात ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बॉन्टसने पुरुषांचे आणि ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने महिलांचे सुवर्णपदक मिळविले. फॉइलवर एकदा वेग आला की पतंग घुमटात एका जागी स्थिर ठेवता येतो. पतंगाला धावायला अंगण लागत नाही. मग लांब दोरीने मिळणार काय? थोडा उंचावरचा वारा, आणि मोबदल्यात जादा अवरोध व संथ वळण. म्हणून वारा पुरेसा असताना शर्यतीचे खेळाडू आखूड दोऱ्यांकडे झुकतात आणि वारा पडू लागला की लांबी वाढवतात.

शिकाऊंची दोरी

या विषयाचा सर्वात महत्त्वाचा व्यावहारिक भाग शिकाऊ खेळाडूंशी निगडित आहे. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे बार गच्च धरून एकाच बाजूला ओढत राहणे. पतंग वळतो, गाभ्यात शिरतो, गिरकी घेतो. २४ मीटरच्या दोरीवर ही चूक माणसाला पाण्यावरून कित्येक मीटर फेकते. किनाऱ्यावर असेल तर वाळूवर, दगडांवर आपटते. ८-१० मीटरच्या दोरीवर लहान पतंगाने तीच चूक केली तर एक हिसका बसतो आणि पतंग पाण्यात पडतो. चुकीची किंमत दोरीच्या लांबीबरोबर वाढते, हे ओळखूनच चांगल्या शाळा पहिले धडे आखूड दोऱ्यांवर देतात.

येथेच सूत्राचे अपुरेपण घातक ठरते. आखूड दोरी म्हणजे सुरक्षित, असा सरसकट अर्थ काढणारे मोठा पतंग आखूड दोरीवर बांधतात. मोठ्या पतंगाचे वळणच घुमट व्यापून टाकते. चूक सुधारायला अडीच सेकंदांऐवजी एकच सेकंद मिळतो आणि पतंग पाण्यावर आदळतो. शिवाय आखूड दोरीवरचा पतंग खाली, म्हणजे झाडे, इमारती व टेकड्या यांच्यामागे उठणाऱ्या भोवऱ्यांच्या टप्प्यात राहतो. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात हे विशेष जाणवते.

उलट बाजूची चूक अधिक वारंवार घडते. वारा थोडा कमी आहे, मोठा पतंग जवळ नाही, तेव्हा तीन-चार मीटरचे जोडतुकडे लावून काम भागवावे, असा विचार होतो. अनुभवी माणसाला ही युक्ती उपयोगी पडते. नवख्याच्या हातात मात्र पतंग आता उशिरा उत्तर देऊ लागतो. उत्तर येईना म्हणून तो आणखी ओढतो. आणि साचलेली आज्ञा पतंगापर्यंत पोहोचते तेव्हा ती गरजेपेक्षा दुप्पट झालेली असते. पतंग खोल गाभ्यात गिरकी घेतो आणि तेथे त्याला धावायला पूर्वीपेक्षा अधिक जागा असते. त्याच सुमारास वाऱ्याची झुळूक वाढली तर परिणाम सांगायला नको. वारा मध्येच पडून कळसावरचा पतंग मागे घुमटाच्या गाभ्यात घसरला आणि तेथे पुन्हा भरला, तरी हीच स्थिती उद्भवते. या प्रसंगात बार ओढण्याऐवजी सोडून देणे हा उपाय आहे. पण डुबणारा माणूस काडी धरतो तसा घाबरलेला माणूस बार धरतो.

लांबी वाढविताना किनाऱ्यावरील माणसांचाही हिशेब ठेवावा लागतो. वाऱ्याच्या दिशेला दोरीच्या दुप्पट अंतर मोकळे असावे, असा दंडक सांगितला जातो. म्हणजे २४ मीटरच्या दोरीला जवळजवळ ५० मीटर. गोव्यात मोरजी-अश्वे पट्ट्यात हिवाळ्यातील दुपारच्या समुद्री वाऱ्यावर हा खेळ चालतो तेव्हा किनारा पर्यटकांनी भरलेला असतो. तमिळनाडूतील रामेश्वरमजवळच्या उथळ, विस्तीर्ण पाण्यावर ही अडचण पुष्कळ कमी आहे. ताणलेली दोरी, काच लावलेला मांजा नसतानाही, कातडी सहज कापते.

चारही दोऱ्या सारख्या आहेत का?

एकूण लांबी ठरविली तरी एक बाब उरते, आणि व्यवहारात तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष जाते. दोऱ्या डायनीमासारख्या अतिबळकट पॉलिएथिलीनच्या असतात. त्या सहजी तुटत नाहीत. पण दीर्घकाळ भार वाहून कायमच्या थोड्या लांबतात. पुढच्या दोऱ्या अधिक भार वाहतात, म्हणून त्याच अधिक लांबतात. परिणामी मागच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात आणि बार पूर्ण सोडला तरी पतंग काहीसा ओढलेलाच राहतो. तो जड वाटतो, वर चढत नाही, मंद वाऱ्यात मागे सरकून पडतो. खेळाडू पतंगाला दोष देतो, प्रसंगी नवा पतंग घेतो. चार-पाच सेंटिमीटरचा फरकही पतंगाचे वागणे बिघडवायला पुरेसा असतो. मागच्या दोन दोऱ्यांतच फरक असेल तर पतंग सतत एका बाजूला खेचतो.

तपासणी सोपी आहे. चारही दोऱ्यांची पतंगाकडील टोके एका खुंटीला अडकवावीत, बार पूर्ण जवळ घेतलेल्या स्थितीत आणून सारख्या ताणाने मागे यावे आणि बार आडवा, सरळ राहतो का ते पाहावे. बहुतेक बनावटींत या स्थितीत चारही दोऱ्या समान ताणल्या गेल्या पाहिजेत. फरक असल्यास दोऱ्यांच्या टोकाशी असलेल्या जोडदोरीवरील गाठी बदलून तो काढता येतो. जोडतुकडे वापरायचे असतील तर चारही एकाच जातीचे, एकाच जाडीचे आणि पुढच्यांसाठी मूळ दोरीइतकेच भारक्षम असावेत. लावल्यानंतर ही खुंटीची तपासणी पुन्हा करावी. नव्या दोऱ्या पहिल्या काही वापरांतच सर्वाधिक ताणल्या जात असल्याने त्यांची तपासणी आठवड्याभरात दुसऱ्यांदा करणे इष्ट.